फिलाडेल्फियाहून, नववीच्या गणिताच्या बाईंकडून

प्रिय वंदू,

फोनवर तू विचारलंस, "तुझी शाळा टीव्हीवर दाखवतात तशीच आहे का गं?" मी "हो आणि नाही" असं काहीतरी पुटपुटले आणि तेवढ्यात तुझ्या दारावरची बेल वाजली. म्हणून हे लांबलचक पत्र. पेपर तपासायचा कंटाळा आला की वाच, सलग नको.

टीव्हीवर दिसतं ते आधी सांगून टाकते. सकाळी मुलं शाळेत येतात ती मेटल डिटेक्टरमधून. दप्तर मशीनच्या पट्ट्यावर, कमरेचा बेल्ट हातात, फोन वेगळा. थंडीच्या दिवसांत जॅकेटं काढता-घालता रांग पार फुटपाथवर जाते आणि पहिल्या तासाला निम्मा वर्ग "मिस, रांगेत होतो" म्हणत उशिरा उगवतो. टीव्हीवर एवढंच दिसतं. त्या मशीनपाशी उभी असलेली बाई मात्र दिसत नाही. ती सिक्युरिटीवाली याच शाळेत शिकलेली, तिची आईसुद्धा याच शाळेतली. प्रत्येक पोराला नावानं हाक मारते, "काल का नाही आलास?" म्हणून झापते, आणि कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की मला वर निरोप पाठवते, आज याला फळ्यापाशी उभा करू नका. वर्गातल्या अर्ध्या भानगडी मला तिच्यामुळे तास सुरू व्हायच्या आधीच कळतात.

आमची शाळा म्हणजे इथल्या भाषेत नेबरहूड स्कूल. आजूबाजूच्या वस्तीतलं मूल आलं की घ्यायचं, मार्क विचारायचे नाहीत. शहरात निवड करून मुलं घेणाऱ्या सरकारी शाळा आहेत, वर चार्टर शाळा आहेत, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र संस्थांनी चालवलेल्या. ज्यांचे आईबाप धावपळ करू शकतात ती मुलं तिकडे जातात. उरलेली आमची. वर्षाच्या मधोमध दुसऱ्या शाळेतून काढलेली, कालपरवा देशात आलेली, घर सुटल्यामुळे मावशीकडे राहायला आलेली, सगळी आमचीच. मग वर्षाच्या शेवटी निकालांची तुलना होते आणि आम्ही तळाला! कसली तुलना, ते तूच सांग.

इमारत बघितलीस तर प्रेमात पडशील. शंभरीला टेकलेली, दगडी कमानी, रुंद जिने, लाकडी खुर्च्यांचं मोठं प्रेक्षागृह. पण हिवाळ्यात बॉयलर लागला की कॉरिडॉरच्या एका बाजूच्या वर्गात घाम फुटतो म्हणून खिडक्या उघड्या, आणि दुसऱ्या बाजूला मुलं कोट घालून बसलेली. सप्टेंबरात ऊन तापलं की एसी नसलेल्या शाळांना लवकर सुट्टी द्यावी लागते, आम्ही त्यातलेच. २०२३ मध्ये भिंतींतलं, पाइपांवरचं, फुफ्फुसाला घातक असलेलं अ‍ॅस्बेस्टॉस सुटं झाल्याचं आढळून शहरातल्या काही शाळा एकाएकी बंद करायची वेळ आली होती. तेव्हापासून छताचा पोपडा पडला की मुलंच एकमेकांना सांगतात, श्वास धरा.

हे असं का, याचं उत्तर फार गुंतागुंतीचं नाही. इथे शाळेचा बराच पैसा त्या त्या गावाच्या घरपट्टीतून येतो. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला सिटी अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. अलीकडे शहर, पलीकडे लोअर मेरियन हे श्रीमंत उपनगर. पलीकडच्या हायस्कूलमधून कोबी ब्रायंट बाहेर पडला. अलीकडे, रस्त्यापासून जवळच, ओव्हरब्रूक हायस्कूल. तिथला विल्ट चेंबरलेन. बास्केटबॉलमध्ये दोन्ही बाजू तोडीस तोड, पण एका मुलामागे किती पैसा, हे विचारलं की रस्ता एकदम रुंद होतो. हा प्रश्न देशाच्या सुप्रीम कोर्टात एकदा गेला होता. १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी कोर्टानं सांगितलं की शिक्षण हा केंद्रीय घटनेतला मूलभूत हक्क नाही. तेव्हापासून ही भांडणं राज्याराज्यांच्या कोर्टांत चालतात.

आणि हो, आपली मराठी मंडळी. गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारतंच, "तिथे शिकवता? भीती नाही वाटत?" हीच मंडळी घर घेताना आधी शाळेचं रेटिंग बघतात, मग स्वयंपाकघर. आम्हीही मुलगा लहान होता तेव्हा तेच केलं, शहराबाहेर घर घेतलं. म्हणजे मी ज्या मुलांना शिकवते त्यांच्या शाळेला माझ्या घरपट्टीतला एक पैसाही जात नाही.

आमच्या राज्यातला, म्हणजे पेनसिल्व्हेनियातला, शाळांच्या पैशांचा खटला २०१४ साली दाखल झाला आणि साक्षीपुरावे २०२१ च्या अखेरीस सुरू झाले. त्यात विधिमंडळाच्या एका नेत्याच्या वकिलानं साक्षीदाराला विचारलं, सुताराला जीवशास्त्राचा काय उपयोग? आणि मॅकडोनाल्डमध्ये जाणाऱ्याला अल्जिब्रा वनचा काय उपयोग? वंदू, अल्जिब्रा वन म्हणजे नववीचं बीजगणित, माझाच विषय गं! दुसऱ्या दिवशी टीचर्स रूममध्ये कॉफी थंड होईपर्यंत आम्ही तेच बोलत होतो.

आता तो प्रश्न आठवला की मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवते. शाळा सुटली की बर्गरच्या दुकानात काउंटरवर उभी, रात्री घरी जायला उशीर, सकाळी वर्गात डुलक्या. एक दिवस मधल्या सुट्टीत चुरगळलेली पगाराची पावती घेऊन आली. म्हणाली, "मिस, हे बरोबर वाटत नाही." आम्ही जेवणाच्या ट्रेशेजारी पावती सरळ केली. साधे तास, जादा तास, दर, कापलेला कर, सगळं वेगळं मांडलं. समीकरण तिनंच लिहिलं, एक्स म्हणजे द्यायला हवे होते ते जादा तास. सोडवलं तर हिशेबात तीन तास कमी. दुकानातल्या मॅनेजरसमोर ती तोच कागद घेऊन उभी राहिली आणि पैसे घेऊन आली. पुढचा महिनाभर वर्गातली पोरं आपापल्या पावत्या आणत होती. अल्जिब्राचा काय उपयोग म्हणे.

आणि सुतारकाम, गॅरेजकाम करणाऱ्यांचं म्हणशील, तर याच शहरातल्या वेस्ट फिलाडेल्फिया हायस्कूलच्या मुलांनी हायब्रिड गाडी बांधून ऑटोमोटिव्ह एक्स प्राइझ या मोठ्या स्पर्धेत उतरवली होती. स्पर्धेत कंपन्या होत्या, विद्यापीठं होती, हायस्कूल हे एकटंच. २०१० मध्ये मधल्या फेरीत ती बाहेर पडली. पण इथल्या ऑटो शॉपच्या, म्हणजे शाळेत गॅरेजकाम शिकणाऱ्या, मुलांना अजून विचार, गाडीचं वर्णन करून दाखवतील.

फेब्रुवारी २०२३ मध्ये निकाल लागला, ७८६ पानांचा. राज्याची शाळांना पैसे देण्याची पद्धत राज्याच्याच घटनेविरुद्ध ठरली. २०२४ पासून हळूहळू वाढीव पैसे येऊ लागलेत. आमच्यापर्यंत पोचलेत ते एक जादा कौन्सेलर आणि गणिताची नवी पुस्तकं एवढेच. ग्रंथालयाला अजून कुलूप, कारण ग्रंथपाल नाही, आणि यात आमची शाळा एकटी नाही.

आता ज्याचा अभिमान वाटतो ते.

आमच्याकडे एक आजी येतात, एका विद्यार्थ्याची पणजी. दर फेब्रुवारीत इतिहासाच्या तासाला बोलतात. १७ नोव्हेंबर १९६७ ला शहरातले साडेतीन हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्ग सोडून शिक्षण मंडळाच्या कचेरीवर गेले होते. मागण्या काय, तर आमचा इतिहास शिकवा, आफ्रिकन वेश घालू द्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. आजी तेव्हा हायस्कूलमध्ये होत्या. शेवटी २००५ साली फिलाडेल्फियात आफ्रिकन अमेरिकन इतिहास हा हायस्कूल पास व्हायला सक्तीचा विषय झाला. असं करणारं हे देशातलं पहिलं मोठं शहर. आजी मोर्चाचं फार रंगवून सांगत नाहीत. कुठला बूट घातला होता, पळताना तो कसा निसटला, घरी आईनं आधी बूट कुठे म्हणून कसं बदडलं, हेच सांगतात. आणि मग समोरच्या पुस्तकावर बोट ठेवून म्हणतात, "हे पुस्तक फुकट आलेलं नाही, कोपरे दुमडू नका." त्या तासाला पोरं फोनला हात लावत नाहीत, हे मी नववीच्या वर्गाबद्दल लिहितेय हे लक्षात घे.

मुलांना माहीत असलेले नायक बहुतेक खेळाडू आणि रॅपर. म्हणून मी वर्गात गायन ब्लूफर्डचा फोटो लावलाय. ओव्हरब्रूकमधून १९६० साली बाहेर पडला आणि १९८३ मध्ये अंतराळात गेलेला पहिला आफ्रिकन अमेरिकन झाला. आमच्या शाळेचा नव्हे, तरी आमचाच. यावर एका पोरानं "मग आपल्या शाळेचा कोण?" म्हणून मला कोंडीत पकडलं होतं. उत्तर सिक्युरिटीवाल्या बाईनं दिलं : तुमच्या बसचा ड्रायव्हर, तुझ्या आईचं बाळंतपण केलेली नर्स, आणि मी.

माजी विद्यार्थ्यांचा जीव किती अडकलेला असतो, ते होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थी शाळेत परत येतात त्या सोहळ्याला, बघावं. सत्तरीचे बाप्ये शाळेच्या रंगाचं जॅकेट घालून, त्यावर आपल्या बॅचचं साल, आणि बँडमागून नाचत. ड्रमची कातडी दोन ठिकाणी टेपनं चिकटवलेली, पण आवाज मैलभर जातो. याच बॅचेस वर्गणी काढून मुलांच्या कॉलेजच्या अर्जांची फी भरतात, मुलाखतीला जाणाऱ्यांना टाय बांधायला शिकवतात.

दुसरीही एक रीत आहे, ती तुला सांगताना जड जातं. २०२१ मध्ये या शहरात ५६२ खून झाले. २०२४ मध्ये ते २६९ वर आले, म्हणजे निम्म्याहून कमी, आणि त्याचा फरक वर्गात खरोखर जाणवतो. पण कुणी गेलं की मुलं त्याचा फोटो छापलेले टी-शर्ट घालून येतात. नाव, जन्मतारीख, आणि दुसरी तारीख. त्या दिवशी युनिफॉर्मचा नियम कुणी काढत नाही. एकदा मी हजेरी घेताना असं नाव उच्चारलं गेलं जे ऑफिसनं यादीतून अजून काढलं नव्हतं, आणि मागच्या बाकावरून तिघं एकदम म्हणाले, "हजर." मी हजर लिहिलं.

वंदू, माझी खरी तक्रार या सगळ्याच्या कौतुकाबद्दल आहे. पाहुणे येतात. राजकारणी, देणगीदार, कधी कॉलेजचे लोक. मुलांची जिद्द, वस्तीची एकी, शिक्षकांचा त्याग यावर भाषणं होतात, फोटो निघतात. त्यांना वाटतं इतकं प्रेम आहे तर शाळा चालेलच. आणि चालतेही! सिक्युरिटीवाली कौन्सेलरचं काम करते, माजी विद्यार्थी फी भरतात, मी कागद माझ्या पैशानं आणते, म्हणून चालते. लोकांचा हा जीव सरकारच्या हिशेबात कुठे लिहिलेला नसतो, पण धरलेला मात्र असतो. सिटी अ‍ॅव्हेन्यूच्या पलीकडे कुणी मुलांच्या जिद्दीचं कौतुक करत नाही, तिथे छत दुरुस्त करतात.

आणि एवढं प्रेम असून शाळा वाचतेच असं नाही. २०१३ मध्ये पैशांच्या खडखडाटात इथे २३ शाळा बंद करायचा ठराव झाला. जर्मनटाउन हायस्कूल १९१४ चं, शंभर वर्षं पूर्ण व्हायला एक वर्ष असताना कुलूप लागलं. बरीच मुलं मार्टिन लूथर किंग हायस्कूलमध्ये गेली, फुटबॉलच्या मैदानावर वर्षानुवर्षं ज्यांच्याशी हाडवैर त्यांच्याच संघातून खेळायला. मुलांनी ते निभावलं. पण वस्तीतल्या लोकांचं मन अजून दुखतं.

शहरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टनं आता पुन्हा सगळ्या इमारतींचा आढावा घेतलाय आणि बंद-विलीनीकरणाची चर्चा सुरू झालीय. जनसुनावणीत प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतात. आमच्याकडून तीच पावतीवाली मुलगी बोलणार आहे, आता ती अकरावीत आहे. तिला रडगाणं नकोय, आकडे हवेत. कुठल्या वस्तीतून दुसऱ्या शाळेला दोन बस बदलून किती वेळ लागेल, याचा तक्ता करतेय आणि रोज मला मेसेज करून छळतेय.

तुमच्याकडे पटसंख्या कमी म्हणून शाळा एकत्र करतात तेव्हा पालक हरकत कशी घेतात, लेखी की तोंडी? तुला यातलं चांगलं ठाऊक असेल, सविस्तर कळव. तिला वाचून दाखवीन.

तुझीच,
कुंदा