गाडी विकायच्या आधी

चि. मयुरी हिस,
अनेक आशीर्वाद.

गाडी अजून कुणाला दाखवलेली नाही. विकायची असेल तर विकू; गाडी तुझी, पैसे तुझे. पण चवथीला घरी येशील तोवर थांब. फोनवर सांगायला गेलो की तू "हो बाबा, हो बाबा" करून ठेवून देतेस, म्हणून लिहून पाठवतो.

जुन्या गोव्याच्या गांधी सर्कलला पावसात गाडी मागून कशी घसरली ते तू दोनदा सांगितलंस आणि दोन्ही वेळा "मला येतच नाही चालवायला" इथे येऊन थांबलीस. तू गेल्यावर मी गाडी जॅकवर चढवली. मागचे दोन्ही टायर आतल्या बाजूने गोटा झालेत. उभं राहून बघितलं तर बाहेरची नक्षी शाबूत दिसते, तेव्हा तुला कळणार कसं? गाडी खाली बसवली की मागची चाकं वरून आत कलतात आणि टायर आतून खाल्ला जातो. कॉइलओव्हर, म्हणजे गाडी खाली बसवणारं ते सस्पेन्शन, बसवल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून, द्यायची असते, ती त्या गॅरेजवाल्याने केलेली दिसत नाही. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे २३१८ आहेत, म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. रबर इतकं कडक झालंय की नख रुतत नाही. त्यात मृगाचा पहिला पाऊस. रस्त्यावर उन्हाळाभर सांडलेलं तेल, डिझेल आणि आपली तांबडी धूळ. दोन-चार मोठ्या सरी पडून रस्ता धुतला जाईपर्यंत त्यावर पट्टीचे ड्रायव्हरसुद्धा जपून जातात.

आता इंजिनाचं बघ. तुझी बीएमडब्ल्यू ३२०डी कंपनीतून निघाली तेव्हा १८४ हॉर्सपॉवरची होती, टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, ३८० न्यूटन-मीटर. इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणाऱ्या त्या रिमॅपवाल्याने दिलेल्या कागदावर टॉर्क ४५० लिहिलाय. तो खरा धरला तरी आकड्यापेक्षा तो कधी येतो ते महत्त्वाचं. मूळच्या गाडीतसुद्धा साडेसतराशे आरपीएमला सगळा टॉर्क हजर असतो, त्याच्या खाली मात्र टर्बोत दमच नसतो. सर्कलमधून बाहेर पडताना तू थोडा एक्सलेटर दिलास, गाडीने ऐकलं नाही. आणखी दिलास. तेवढ्यात गिअरबॉक्सने एक गिअर खाली टाकला आणि टर्बोही भरला, दोन्ही एकदमच. स्टेअरिंग अजून वळलेलं होतं. टायरची पकड मोजकीच असते. वळण्यात जेवढी खर्च होते तेवढी ढकलण्यासाठी उरत नाही. मागच्या टायरांकडे आधीच काही शिल्लक नव्हतं, त्यांनी हात टेकले आणि गाडीचं बूड बाहेर गेलं. मग तू पाय झटकन पूर्ण काढलास. कुणीही काढेल. पण पाय काढला की वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची आणखी हलकी होतात आणि आणखी सुटतात. त्या क्षणी पिवळा दिवा लुकलुकला आणि गाडी मेल्यासारखी झाली म्हणालीस ना, ते डीएससी, गाडीला घसरण्यापासून सावरणारी यंत्रणा. इंजिनाची ताकद तोडून आणि एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून त्याने तुला सरळ केलं.

तू घाबरलीस ते योग्यच होतं. ज्याला तिथे भीती वाटली नसती त्याच्या शेजारी मी बसलो नसतो.

तुझा मावसभाऊ जे बोलला तेही कानावर आलं. रिअर व्हील ड्राइव्ह मुलींना झेपत नाही म्हणे. त्याला विचार, तू शिकलीस ती आपली टॅक्सीची ओम्नी कुठल्या चाकांवर चालायची? इंजिन सीटखाली, जोर मागच्या चाकांना. पावसात केरीच्या चढावर तू ती व्यवस्थित चालवायचीस. फक्त तिचं इंजिन ७९६ सीसीचं, टॉर्क ६० न्यूटन-मीटरच्या आसपास. पाय कसाही ठेव, ती काही करूच शकत नव्हती. आता तोच पाय साडेसातपट टॉर्कवर आहे. शिकायचं आहे ते एवढंच, पायाचं. बाकी तुला सगळं येतं.

मी खाणीवर टिपर चालवायचो तेव्हा नवी पोरं भरलेल्या गाडीला भ्यायची. आम्ही जुने रिकाम्या गाडीला भ्यायचो. भरलेल्या टिपरची मागची चाकं वजनाने रस्ता धरून ठेवतात. आमोण्याच्या जेटीवर माल ओतून परत निघालं की मागे भार नाही, इंजिन मात्र तेच, आणि रस्त्यावर चिखल. तेव्हा आम्ही एक गिअर वरचा ठेवून निघायचो, म्हणजे चाकांपर्यंत जोर कमी पोचतो. तुझ्या गाडीतही ते जमतं. ओल्या सर्कलला गिअरलिव्हर मॅन्युअलवर घेऊन तिसरा धरून ठेव. गाडी आळशी वाटेल, वाटू दे. गिअर आपोआप खाली पडण्याचा धक्का तरी टळेल. आणि स्टेअरिंग जसजसं सरळ होईल तसतसा पाय खाली जाऊ दे, त्याआधी नाही. हे एकदा अंगात भिनलं की निम्मी भीती जाते, कारण मागची चाकं कधी सुटतील हे तुला आधीच कळायला लागतं. खाण २०१२ मध्ये बंद झाली तेव्हा टिपर गेला, पण ही सवय टॅक्सीवरही उपयोगी पडली. आपली इनोव्हा मागच्याच चाकांवर चालते, हे पाहुण्यांना कधी कळलंसुद्धा नाही.

टायर मी सांगून ठेवलेत. चारही घे. पैशाची ओढाताण असेल तर निदान दोन, पण नवे दोन मागे बसवायचे. दुकानदार सवयीने पुढे बसवायला निघेल, त्याला बसवू देऊ नकोस. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की पुन्हा ऐकते; मागची घसरली तर गाडी फिरते. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण आपल्या पावसात मी तीनच्या खाली जाऊ देत नाही. हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर लिहिलेली असते तेवढीच, टायर थंड असताना. आणि गाडी थोडी वर उचलून घेऊ. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर ती पोट घासते ते तुला दिसत नाही, मला अंगणात बसून ऐकू येतं.

नदीकाठचा खनिजाचा एक जुना प्लॉट माझ्या ओळखीच्याचा आहे. सध्या रिकामा आहे, चारी बाजूंनी बंद, आणि त्याची परवानगी घेतली आहे. तिथे जाऊ. आधी सीट. तू फार मागे रेलून बसतेस, वेग वाढला की स्टेअरिंगला लोंबकळायला होतं. पाठ टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या माथ्यावर पोचलं पाहिजे, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मागची बाजू सुटल्याचं सगळ्यात आधी पाठीला आणि बुडाला कळतं, डोळ्यांना नंतर. रेलून बसलेल्या माणसाला ते उशिरा कळतं. हात पावणेतीनवर.

मग ब्रेक. ताशी चाळीसवरून ओल्या जमिनीवर ब्रेक पूर्ण, अगदी जोरात दाबायचा आणि एबीएस पायाखाली थरथरलं तरी सोडायचा नाही. बऱ्याच जणांनी आयुष्यात एकदाही ब्रेक पूर्ण दाबलेला नसतो. गाडी कुठे थांबते हे माहीत नाही आणि म्हणे कॉन्फिडन्स. त्यानंतर वीस-पंचवीसच्या वेगाने मोठं वर्तुळ मारायचं आणि एक्सलेटर केसभर वाढवत जायचं, पिवळा दिवा लुकलुकेपर्यंत. तिथून पाय हळू मागे घ्यायचा, झटकायचा नाही. मागचं बूड निघालंच तर स्टेअरिंग त्याच बाजूला द्यायचं, जायचंय तिकडे बघायचं, आणि गाडी सावरायला लागली की स्टेअरिंग लगेच परत आणायचं. ते परत आणायला उशीर झाला की गाडी उलट्या बाजूला फेकते, आणि तो दुसरा झटका पहिल्यापेक्षा वाईट असतो. डोळे महत्त्वाचे. झाडाकडे बघशील तर झाडावर जाशील.

डीएससीच्या बटणाला हात लावायचा नाही. तुझ्या ग्रुपमधले म्हणतात ते बंद केल्यावरच खरी मजा येते. त्यांना येवो. बटण एकदा दाबलं की डीटीसी होतं, त्यात चाकांना जरा जास्त सूट मिळते. ते दाबून धरलं की सगळंच बंद. प्लॉटवर फार तर डीटीसी. पूर्ण बंद करून चालवायची हौस असेल तर त्यासाठी ट्रॅक आहेत, कोईमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे. तिथे शिकवणारेही असतात. गोव्यात तसा ट्रॅक नाही, आणि झुवारीचा नवा पूल कितीही रुंद असला तरी ट्रॅक नव्हे.

प्लॉटवर हात बसला की साखळी-वाळपई रस्ता, पहाटे, पाऊस नसताना. मग तोच पावसात. एकच रस्ता पुन्हा पुन्हा, म्हणजे वळणांचा विचार करावा लागत नाही आणि लक्ष पायाकडे राहतं. चोर्ला घाट सगळ्यात शेवटी, दसऱ्यानंतर. आता तिथे धुकं असतं आणि धबधबा दिसला की माणसं वळणावरच गाडी लावून फोटो काढतात.

कागदांचं आवडणार नाही, पण सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलात मनासारखा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. डाउनपाइप, म्हणजे टर्बोनंतरचा धुराचा पाइप, बदललाय तो काढ, मूळचा पाइप पोत्यात गुंडाळून माडीवर ठेवलाय. रिमॅपवाल्याकडे मूळ फाइल असेल तर तीही परत टाकून घे. विमा कंपनीला यातलं काही कळवलेलं नाही हे पॉलिसी बघून कळलं. उद्या कुणाला लागलं तर त्यांना हात वर करायला तेवढं पुरे. ३८० काय कमी आहे? तेवढ्यावर हात बसू दे, मग बोलू.

एवढं करूनही नको वाटली तर मी स्वतः गिऱ्हाईक शोधतो. माझा काही हट्ट नाही. पण टायर न बदलता, एका सर्कलवरून तू स्वतःला नापास करून मोकळी झालीस, ते मला पटत नाही.

शुक्रवारी बसने ये, शनिवारी सकाळी सहाला निघू. सपाट, पातळ तळव्याचे बूट आण, ते जाड तळव्याचे नकोत. आई माटोळीच्या सामानाची यादी करतेय, त्यातलं पणजीच्या बाजारातून काय आणायचं ते ती फोनवर सांगेल.

तुझा,
बाबा

ता. क. बॅटरी उतरू नये म्हणून मी रविवारी गाडी मायेपर्यंत फिरवून आणतो. म्युझिक सिस्टीम मात्र मला अजून बंद करता येत नाही.