आजींच्या गावावरचे पाणी

सातारा,
त्रिपुरी पौर्णिमा

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

भाऊबीज आटोपून दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो आणि सहा दिवसांनी रात्री घरी पोहोचलो. तू येणार म्हणून गाडीत मागची जागा मोकळी ठेवली होती, पण ऐन वेळी तुझ्या उसाला तोड आली आणि त्या जागेवर शेवटपर्यंत पिशव्या बसल्या. गाडी भाचा चालवत होता, त्यामुळे मला आणि सौ.ला दोन्ही बाजूंना मनसोक्त पाहता आले. तुझी उणीव मात्र पहिल्या दिवसापासून जाणवली, कारण हा प्रवास ज्या प्रश्नासाठी केला तो प्रश्न तुझ्या घरचा आहे.

तुला आठवत असेल, कॉलेजात असताना मी पावसाळ्यात सांगलीला तुमच्याकडे मुक्कामाला येत असे. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले आणि कोयनेतून किती क्यूसेक सोडले, याच्या बातम्या संध्याकाळी सगळे घर कान देऊन ऐकत असे. त्या वेळी आजी चुलीपुढून विचारायच्या, "आमच्या गावावरचं पाणी शेवटी जातं कुठं रं?" कोयना धरणाच्या पाण्याखाली गाव गेले तेव्हा त्या नुकत्या लग्न होऊन तिथे नांदायला आलेल्या होत्या. आपण दोघे म्हणायचो, "आजी, हितंच तर येतंय, कृष्णेत." त्या मान हलवून गप्प बसत. ते उत्तर अर्धेच खरे होते हे मला पुढे कळले आणि तेव्हापासून ते मनाला लागून राहिले होते. म्हणून या खेपेस समुद्राकडे जायचेच आहे तर त्या पाण्याच्या मागोमाग जावे, असे मी ठरवले.

उंब्रज सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो की नदी सोबत येते. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकपाशी पूर्वेकडे वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भेटते. निसर्गाने ठरवलेली तिची वाट ही अशी. कोयनानगरला धरणाची भिंत लांबूनच पाहिली. धरणाचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरलेला होता, म्हणजे सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. त्या निळ्या पसाऱ्यात तुमचे गाव नेमके कुठे असेल याचा अंदाज मी करत राहिलो आणि काही हाती लागले नाही. नुसते पाणी पाहून खाली शेते, चावडी, देऊळ होते हे मनाला पटवणे फार कठीण जाते. तुझे वडील ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाविषयी सांगत, तेही तिथे आठवले.

पुढे नवजाला गेलो. ओझर्डे धबधबा बहुतेक लोक जुलै-ऑगस्टमध्ये पाहतात, तेव्हा तुषारांच्या ढगाखेरीज फारसे काही दिसत नाही असे माझे मत आहे. पावसाने पाठ फिरवल्यावर धार बारीक होते, पण ती कड्याच्या कोणत्या पायरीवर आपटते, कुठे फुटते आणि कुठे पुन्हा एकवटते हे डोळ्यांना कळते. आम्ही अर्धा तास तिच्यासमोर बसलो होतो. मुख्य गोष्ट मात्र नवजाला धबधब्यात नसून जलाशयाच्या काठी आहे. तिथूनच शिवसागराचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यात शिरते आणि पश्चिमेकडे जाते. १९९९ साली जलाशय रिकामा न करता तळाखालून बोगदा फोडण्याचे लेक टॅपिंग झाले, तेही इथेच. वरून काही दिसत नाही. काठावर उभे राहायचे आणि पाणी आपल्या पायाखालून सह्याद्रीच्या पलीकडे निघाले आहे, एवढे मानायचे.

कुंभार्ली घाट उतरून पोफळीला आलो तेव्हा दुपार झाली होती. वर घाटमाथ्यावर हवेत गारवा होता. खाली पाऊल टाकताच अंगाला घाम चिकटला. सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडून ते पाणी पोफळीच्या भूमिगत वीजघरातली चाके फिरवते, मग कोळकेवाडीच्या धरणात अडते, तिथे पुन्हा वीज देते आणि अखेर वाशिष्ठीला मिळते. दरवर्षी साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत पाणी असे पश्चिमेला वळवण्याची मुभा कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने दिलेली आहे. वसंता, आकडा आपण अनेकदा ऐकला होता, पण चिपळूणच्या पुलावर थांबून वाशिष्ठीचे संथ, हिरवट पाणी पाहताना त्याचा अर्थ मला पहिल्यांदा उमगला. बंगालच्या उपसागराला जायला निघालेला पाऊस माणसाने डोंगर पोखरून अरबी समुद्राच्या वाटेला लावला आहे. वाशिष्ठीतही मगरी आहेत, तुमच्या भिलवडी-औदुंबरच्या डोहांतल्यासारख्याच. आणि महापुराच्या खुणाही तशाच. २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने आम्हाला भिंतीवर दाखवली, ती माझ्या डोक्याच्या वर होती. त्याच आठवड्यात तुम्ही सांगलीत माळ्यावर सामान चढवत होता.

त्या रात्री गुहागरला मुक्काम होता. आगाऊ पैसे भरून राखलेली खोली आम्ही पोहोचण्यापूर्वीच दुसऱ्यांना दिलेली निघाली, पैसे परत मिळायला तासभर घासाघीस करावी लागली आणि सौ.चा चेहरा उतरला. व्याडेश्वराच्या देवळापासून थोड्या अंतरावर नारळी-पोफळीच्या वाडीत एका वृद्ध गृहस्थांनी आम्हाला घराची माडी दिली. त्यांनी पोफळीच्या वीजघरात तीस वर्षे नोकरी केली होती. रात्री ओटीवर त्यांनी मला जे सांगितले ते मी शब्दशः लक्षात ठेवले आहे: "आमची वाशिष्ठी पूर्वी मे महिन्यात कोरडी ठाक पडत असे. आता बारमाही आहे, ती तुमच्या पाण्यावर." "तुमच्या" हा शब्द त्यांनी इतक्या सहजपणे उच्चारला की मला एकदम आजींचा आवाज ऐकू आल्यासारखे वाटले. तुझ्या आजींचे गाव धरणात गेले आहे, हे मी त्यांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन त्यांनी कोकमाची एक बरणी आणली आणि आजींसाठी म्हणून माझ्या हाती दिली. ती बरणी या पत्रासोबत भाच्याबरोबर पाठवत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनवेलला गेलो. टाळकेश्वराच्या दीपगृहाजवळ उभे राहिले की उजव्या हाताला गोपाळगड, त्यापुढे वाशिष्ठीची दाभोळ खाडी आणि समोर उघडा समुद्र दिसतो. ओहोटी नुकतीच लागली होती. खाडीतून बाहेर येणारे पाणी मातकट हिरवे आणि समुद्राचे गडद निळे, अशी दोन्हींच्या मधली रेघ आम्हाला स्पष्ट दिसत होती. ती रेघ सरळ नव्हती. कापडाचे काठ शिवणीत वरखाली व्हावेत तशी ती हलत होती, मधूनच फेसाचा पांढरा धागा तिच्यावर उमटत होता आणि मच्छीमारांची एक होडी तिच्या अगदी काठाने चालली होती. तुमच्या गावावरचे पाणी इथे समुद्राला मिळते, वसंता. सगळे नव्हे, काही अजूनही धरणातून कराडमार्गे तुमच्या घाटावर येतेच. पण त्यातला मोठा वाटा या रेघेवर संपतो. मी चपला काढून तिथे नमस्कार केला. सौ.ने कारण विचारले नाही, तिनेही केला.

त्यानंतरचा किनारा मी थोडक्यात सांगतो, कारण मनाने मी अंजनवेललाच राहिलो होतो. वेळणेश्वरची पुळण अर्धचंद्रासारखी आणि शांत आहे. हेदवीला दशभुज गणपतीचे दर्शन घेऊन बामणघळीवर गेलो; खडकाच्या चिंचोळ्या भेगेत भरतीचे पाणी घुसते आणि तोफेसारखा आवाज करून वर उसळते. तवसाळला फेरीबोटीवर गाडी चढवताना भाच्याचे हात थरथरत होते. बोटीचा लोखंडी जबडा सिमेंटच्या उतारावर टेकतो, लाटेबरोबर तो वीतभर वर-खाली होत राहतो आणि बोटीवरचा मुलगा दोन्ही हातांनी खुणा करत गाडी उलटी आत घ्यायला लावतो. पाव तासात शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला उतरलो. गणपतीपुळ्यात गर्दी फार होती, दर्शन झाले एवढेच. त्याऐवजी आरे-वारेच्या रस्त्यावर जास्त वेळ काढावा, असे मी तुला आग्रहाने सांगेन. सुरूच्या बनांमधून जाणारा तो रस्ता एका वळणावर अचानक उंच चढतो आणि दोन्ही पुळणी एकदम खाली दिसतात.

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून इथे आणून ठेवले. १९१० साली हा वाडा बांधून झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. वरच्या मजल्याच्या खिडकीत उभा राहून मी त्याच्याविषयी आणि आजींविषयी एकाच वेळी विचार करत होतो. राजा आणि शेतकऱ्याघरची सून यांची बरोबरी कोणी करणार नाही, पण परत न जाता येणारे गाव दोघांच्याही डोळ्यांत असणार.

परतीला साखरपा, देवरुखवरून मार्लेश्वरला गेलो. पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत, सौ. गुडघ्यांमुळे मध्येच बसली. गुहेत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडात शिवलिंग दिसते. बाहेर धारेश्वर धबधबा कड्यावरून सरळ खाली येतो. ज्या डोंगराच्या माथ्यावरून तो पडतो, त्याच डोंगररांगेच्या पूर्वेच्या अंगाला चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आहे हे मला माहीत होते, म्हणून आंबा घाट चढून मलकापूर, कोकरूडमार्गे वारणावतीला गेलो आणि पर्यटकांना नुकतेच खुले झालेले ते जंगल दुसऱ्या बाजूने पाहिले. २००४ साली चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० साली चांदोली व कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वाघ दिसला नाही आणि दिसावा अशी अपेक्षाही मी ठेवली नव्हती. पण झोळंबीच्या सड्याकडे जाताना एक गवा रस्त्याच्या कडेला उभा होता. गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे त्याचे पाय, वर काळेभोर अंग आणि नाकपुड्यांतून निघणारी वाफ सकाळच्या गारव्यात दिसत होती. वाटाड्याने गाडी बंद करायला सांगितली. गव्याने आमच्याकडे मिनिटभर रोखून पाहिले, एक पाऊल पुढे टाकले आणि कारवीतून आवाज न करता तो नाहीसा झाला. एवढे मोठे जनावर इतक्या हळुवारपणे कसे जाऊ शकते, याचे मला अजून नवल वाटते. या जंगलातूनही गावे उठली आहेत. वाटाडा स्वतः अशाच एका गावचा, मध्येच दोन आंब्याची झाडे दाखवून तो म्हणाला, "हे आमचं परडं होतं." जंगल राखले पाहिजे हे मला मनापासून पटते, पण ते कोणी जागा सोडल्यामुळे राहिले आहे हे आपण बाहेरच्यांनी विसरता कामा नये.

चांदोली धरणावर उभा राहिलो तेव्हा वारणेचे पाणी पूर्वेकडे निघालेले पाहून बरे वाटले. ते कोणी वळवून समुद्रात नेलेले नाही. शिराळा तालुक्यातून, उसाच्या मळ्यांमधून ते तुमच्या हरिपूरच्या संगमावर कृष्णेला मिळते, तिथे जिथे आपण हळद साठवायच्या पेवांच्या मैदानाकडून चालत जाऊन पारावर बसायचो.

हे पत्र आजींना वाचून दाखव. त्यांना आता कमी ऐकू येते असे वहिनी म्हणाल्या होत्या, तेव्हा अंजनवेलचा भाग सावकाश वाच आणि रेघेचे वर्णन दोनदा वाच. फाल्गुनात तुझा राहिलेला ऊस निघाला की आपण पुन्हा जाऊ आणि त्या तयार असतील तर त्यांनाही घेऊ. कराडला मुक्काम करून कुंभार्ली सकाळच्या थंड वेळी उतरू. टाळकेश्वरला गाडी दीपगृहाजवळपर्यंत जाते, त्यांना फार चालावे लागणार नाही. गुहागरच्या त्या गृहस्थांशी माझे बोलणे झाले आहे; खालची खोली ते आजींसाठी ठेवतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आजींना साष्टांग नमस्कार.

तुझा,
शंकर