हँडबिलावर पोरीचं नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात यात्रेला नाटक होतं. बावीस वर्षं मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करतोय. एरवी माझी पिठाची गिरणी आहे. माझी मुलगी दहावीपासून या नाटकांत काम करते, शेजारच्या गावांतली धरून नऊ नाटकं झाली. बेळगावात बी. ए. झाल्यावर तिनं सांगितलं, अभिनय रीतसर शिकायचाय.

कुठं शिकायचं यावर घरात महिनाभर खल झाला. रंगकर्मी के. व्ही. सुब्बण्णांनी उभं केलेली हेग्गोडूची निनासम ही नाट्यसंस्था आपल्याच राज्यात, कर्नाटकात, एका वर्षाचा निवासी अभ्यासक्रम, पण शिकवणं कन्नडमधून. पोरगी कन्नड वाचते, बाजारात बोलते, पण रागावते आणि रडते ती मराठीतच. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र भाषेनं जवळचं. आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, १९५९ पासूनचं. तिथं तीन वर्षं शिकायचं, त्यासाठी पदवी हवी, हिंदी-इंग्रजी समजायला हवं आणि निदान सहा नाटकांत काम केलेलं असायला हवं.

सहा काय, आमच्याकडं नऊ आहेत, म्हणून त्यांचा पुरावा काढायला आम्ही खुशीत ट्रंक उघडली. पाच हँडबिलं निघाली. त्यांवर यात्रा कमिटी होती, देणगीदार होते, उद्घाटक होते, दीपप्रज्वलन करणारे होते, पडदे आणि लाइटवालेही होते. पुरुष कलाकार भूमिकेसकट. बाहेरून आणलेल्या नटीचं नाव ठळक टायपात. माझ्या मुलीचं नाव दोनच हँडबिलांवर, उरलेल्या तिनांवर ‘व इतर’. गावच्या पोरीचं नाव चावडीच्या भिंतीवर लागलं तर उद्या सोयरीक जमताना अडचण येईल, असं कमिटीतल्या वडीलधाऱ्यांनी तेव्हा काळजीपोटी सांगितलं होतं. आणि मी, तिचा बाप, मान डोलावली होती. ते मला आज टोचतं. त्या वर्षी दिल्लीचा अर्ज राहिला.

दुसऱ्या एका ठिकाणच्या प्रवेशचाचणीला मात्र आम्ही गेलो. दोन वेगळ्या प्रकृतीची स्वगतं तिनं बसवली होती, एक गंभीर, एक हलकं. मी बाहेर बाकावर. दार बंद असूनही तिचा प्रत्येक शब्द मला ऐकू येत होता, तेव्हाच पोटात गोळा आला. आमच्या स्टेजवर माइक वरून टांगलेले असतात. वाक्य आलं की नट माइकखाली जातो, मान वर करतो आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला पोचेल असं बोलतो. खोलीत तीन परीक्षक चार हातांवर बसलेले, आणि ही छताकडं बघून बोलत होती! त्यातल्या एका बाईंनी तिला खाली बसवलं आणि म्हणाल्या, हेच आता शेजारी बसलेल्या आईला सांग, तुझ्या घरच्या बोलीत. मग तिनं ते आमच्या भाषेत सांगितलं. आमच्याकडं बाईमाणूससुद्धा ‘मी जातो, मी येतो’ म्हणते, तसंच. पोरगी बाहेर आली ती डोळे पुसत. म्हणाली, “अण्णा, पहिल्यांदाच न ओरडता बोललो.” निवड झाली नाही, पण त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही.

म्हणून आपल्या पत्रातून तालुक्यातल्या सगळ्या नाट्यमंडळांना आणि यात्रा कमिट्यांना हात जोडून विनंती आहे. हँडबिलावर प्रत्येक कलाकाराचं नाव भूमिकेसकट छापा, मुलींचं तर आवर्जून. तारीख, वर्ष आणि गाव घाला. नुसतं ‘यात्रेनिमित्त’ लिहिलं तर पाच वर्षांनी कुठली यात्रा ते कळत नाही. प्रयोग झाल्यावर दिग्दर्शकाच्या सहीचं चार ओळींचं पत्र द्या. खर्च काहीच नाही. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेले अण्णासाहेब किर्लोस्कर १८८० साली पुण्यात संगीत नाटक घेऊन उभे राहिले. त्यांच्या मंडळीत कोण कुठली भूमिका करायचं हे आजही सांगता येतं, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं.

बेळगावातल्या जाणत्या रंगकर्मींकडंही एक मागणं आहे. प्रवेशाच्या हंगामाआधी एखादा रविवार खेड्यांतल्या मुलांना द्या. त्यांना माइकशिवाय, छोट्या खोलीत, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायला लावा. हे आम्हाला शिकवता येत नाही, कारण आम्हालाच ते कुणी शिकवलेलं नाही. आणि आपण प्रवेशाच्या जाहिराती बेळगाव आवृत्तीत वेळेवर द्याव्यात. आम्हाला बहुतेकदा मुदत संपल्यावर कळतं.

यंदाच्या नाटकाच्या तालमी देवळात सुरू झाल्यात. मुलीचं काम मोठं आहे. हँडबिल पुढच्या आठवड्यात प्रेसला जाईल आणि त्याचं प्रूफ मी स्वतः वाचणार आहे.

आपला,
एक प्रॉम्प्टर, खानापूर तालुका