खताची बाटली आधी खाली ठेव

पुणे,
१८ मे

प्रिय संज्या,

फोनवर बोलायला लागलं की दुसऱ्या मिनिटाला तू ‘बरं, मग खत कुठलं आणू?’ विचारतोस, म्हणून मुद्दाम लिहून पाठवतोय. नीट बसून वाच.

तुझ्या माशांच्या टाकीतल्या झाडांचे फोटो मोठे करकरून पाहिले. रोटालाचे शेंडे बारीक होऊन मुडपलेत, दोन पेरांतलं अंतर आक्रसलंय, लुडविजियाचा लालपणा उतरलाय आणि फिल्टरच्या आउटलेटवर काळं केसाळ शेवाळ धरलंय. आंबुली तेवढी बरी दिसते, पण ती भाताच्या खाचरात उगवणारी. तिचे लाड कमी झाले तरी ती फारशी कुरकुर करत नाही. मार्चपर्यंत ट्रिमिंग करून वैतागायचास, आणि आता म्हणतोस कात्री हातात घ्यायची वेळच येत नाही.

एवढ्यात तू आधी पोटॅश वाढवलंस, मग लोह, मग दुकानदारानं गळ्यात मारलेली ती ‘ऑल इन वन’ बाटली. माझ्या मते रोग वेगळाच आहे. पानं बघ ना. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश, मॅग्नेशियम यातलं काही कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं. त्यामुळे आधी खालची पानं पिवळी पडतात, त्यांना भोकं पडतात. कॅल्शियम, लोह, बोरॉन एकदा पानात बसले की फारसे हलत नाहीत, म्हणून त्यांची टंचाई थेट कोवळ्या शेंड्यावर दिसते. तुझी मधली पानं हिरवीगार आहेत. अगदी तळाची झडलीत ती सावलीमुळे, वरचा गुंता विरळ केलास की थांबेल. लोह कमी असतं तर कोवळं पान फिकट आणि शिरा हिरव्या दिसल्या असत्या. तुझं पान फिकट नाहीये, वाकडं झालंय. मग उरतं कॅल्शियम, आणि त्याहून मोठा संशय सीओटूवर, म्हणजे झाडांसाठी तू सिलिंडरमधून सोडतोस त्या कार्बन डायऑक्साइडवर. ते काळं शेवाळही बहुतेक वेळा सीओटू कमी किंवा कमीजास्त होत असला की येतं.

आता ड्रॉप चेकरबद्दल, म्हणजे टाकीत लावलेल्या सीओटू दाखवणाऱ्या रंगबदलू कुपीबद्दल, आणि पाण्याबद्दल तू जाता जाता लिहिलेली दोन वाक्यं. एक, ‘एप्रिलपासून बोअरचं बंद करून आरओचं पाणी टाकतोय.’ दोन, ‘ड्रॉप चेकर एकदम पिवळा झाला म्हणून बुडबुडे कमी केले, आता छान हिरवा आहे.’ अरे संज्या, दुखणं इथेच आहे!

तुझ्याकडे मी पाहिलंय, ड्रॉप चेकरमध्ये तू टाकीतलंच पाणी भरतोस आणि वर निळ्या द्रावणाचे थेंब घालतोस. त्या द्रावणाला सीओटू कळत नाही, फक्त पीएच कळतो, आणि पाण्यात सीओटू वाढला की पीएच उतरतो. पीएच ६.६ च्या आसपास ते हिरवं होतं. पण ६.६ चा अर्थ पाण्याच्या केएचवर, म्हणजे त्यातल्या कार्बोनेट क्षारांच्या प्रमाणावर, ठरतो. केएच ४ असेल तर तिथे सीओटू साधारण ३० पीपीएम (दशलक्षात ३० भाग) येतो, जेवढा आपल्याला हवाय. तुझ्या बोअरचा केएच १२ होता. त्या पाण्यात ३० पीपीएमला रंग निळसरच राहणार, आणि तसाच तो राहायचा. तू मापाला नावं ठेवून सढळ हातानं गॅस सोडायचास आणि झाडं खूश असायची. आरओ आल्यावर केएच दीडवर आला. आता तेवढ्याच गॅसला पीएच ६.२ पर्यंत उतरला आणि रंग पिवळा. तू घाबरून गॅस हिरव्यावर आणलास, म्हणजे जेमतेम ११ पीपीएमवर. झाडांचं खाणं तिसऱ्या हिश्श्यावर आलं, आणि ते मोजणारं यंत्र तुला ‘सगळं ठीक’ सांगत बसलं.

तेव्हा ड्रॉप चेकरात टाकीचं पाणी भरणं बंद. खायचा सोडा १.२ ग्रॅम मोजून एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळव. त्यातलं १०० मिली घेऊन आणखी ९०० मिली डिस्टिल्ड पाण्यात मिसळ, की झालं ४ केएचचं द्रावण. घरच्या वजनकाट्यावर १.२ ग्रॅमचा भरवसा नाही, मामेभावाच्या सराफी दुकानात जाऊन मोजून आण. चेष्टा करेल, करू दे. हे द्रावण टाकीच्या पाण्यात मिसळत नाही, मधल्या हवेतून फक्त गॅस जातो, त्यामुळे टाकीत कुठलंही पाणी असो, रंग खराच दिसेल. मात्र तो तासदोन तास उशिरा बदलतो. म्हणून बुडबुडे एकदम वाढवू नकोस, रोज थोडे थोडे वाढव आणि दुपारी टेट्रा माशांकडे लक्ष ठेव. वर येऊन तोंडं उघडायला लागले की ताबडतोब कमी कर. गॅस दिवे लागायच्या दोन तास आधी सुरू आणि दिवे बंद व्हायच्या तासभर आधी बंद. सिलिंडरच्या गेजवर विसंबू नकोस. आत द्रव शिल्लक असेपर्यंत काटा हलत नाही, उन्हाळ्यात तर उलट वर चढतो. किती गॅस उरलाय ते वजनावरूनच कळतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आरओत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नावालाच उरतं, आणि बाजारातल्या बहुतेक खतांच्या बाटल्यांत कॅल्शियम नसतंच, कारण ते नळाच्या पाण्यातून येतं असं धरलेलं असतं. त्यासाठी महागडी पावडर कशाला? तीन भाग आरओ आणि एक भाग तुझं तेच बोअरचं पाणी. केएच चारच्या आसपास येईल आणि कॅल्शियम फुकटात मिळेल. हा बदल मात्र दोनतीन आठवड्यांच्या पाणीबदलांतून हळूहळू कर. बाष्पीभवनानं पाणी उतरतं ती भर फक्त आरओनं घालायची, नाहीतर क्षार साठत जातात. आणि मे महिन्यात सांगलीत टाकी ३२ अंशांवर जात असणार. पंखा लाव, दोनतीन अंश उतरतील, पण झोत पाण्यावर इतका नको की लाटा उठून सीओटू उडून जाईल.

खत बंद कर असं नाही म्हणत. पण द्राक्षवाल्यांच्या गावात राहून बाटलीला एवढे पैसे का घालतोस? कृषी सेवा केंद्रातून १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) आणि ०:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) ही खतं आण. शंभर लिटरला आठवड्यात पहिलं दीड ग्रॅम आणि दुसरं ०.१५ ग्रॅम, दोनतीन हप्त्यांत विभागून. सूक्ष्म अन्नद्रव्यं वेगळी. १९:१९:१९ मात्र चुकूनही टाकू नकोस, त्यातला युरिया आणि अमोनिया माशांच्या जिवावर बेतेल. आणि गॅसऐवजी म्हणून विकतात ते ‘लिक्विड कार्बन’ परत कर. गॅसची बरोबरी ते करत नाही आणि व्हॅलिस्नेरियासारखं झाड त्यानं वितळतं.

मुडपलेले शेंडे सरळ होणार नाहीत, त्यांची वाट बघू नकोस. दोन पेरं खालून काप, बगलेतून फुटवे येतील. ते फुटवे सरळ आले तर निदान बरोबर. तोवर पंधरा दिवस दुसरं काहीही बदलायचं नाही, तुला हे सगळ्यात जड जाणार हे माहीत आहे.

फुटव्यांचे फोटो फिल्टर बंद करून काढ, म्हणजे पानं हलणार नाहीत. बोअर आणि आरओ दोन्हींची टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, कळव. केएचची किट हवी असेल तर पुढच्या आठवड्यात दादा सांगलीला येतोय, त्याच्याजवळ देतो. काकूंना नमस्कार, आणि वहिनींना सांग, माझ्या वाट्याचं लोणचं दादाकडे द्यायचं आहे.

तुझा,
मंदार