आकडा नको, लाखामागे किती ते छापा

मा. संपादक साहेब,

नमस्कार. एनसीआरबीचा, म्हणजे देशभरच्या पोलिसांच्या नोंदी गोळा करणाऱ्या केंद्राच्या विभागाचा, रिपोर्ट आला की दरवर्षी तुमच्या पेपरात तीच हेडलाईन असते, आत्महत्यांमध्ये महाराष्ट्र पहिला. मी झेडपीची मास्तरीण आहे, गणित शिकवते, त्यामुळे हे वाचलं की डोकं फिरतं. २०२२ चंच घ्या ना, महाराष्ट्रात २२,७४६, देशात सगळ्यात जास्त, आकडा खराच आहे, पण आपलं राज्य केवढं! लाखामागे काढलं तर आपल्याकडे १८ जण, आणि सिक्कीम ४३, अंदमान पण तेवढ्यातच, केरळ २८.५, छत्तीसगड २८. बिहार किती? ०.६! लाखात एक माणूस पण नाही. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर आमचे एक सर म्हणाले, मॅडम मग बदली बिहारातच मागा.

आता बिहारात सगळं आबादीआबाद आहे असं कोणी म्हणणार नाही. पोलिसांत नोंद होते कुठे, आणि घरचेच बदनामीला भिऊन उरकून टाकतात कुठे, हा फरक त्या आकड्यात आहेच. लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय मासिकात २०१२ ला एक मोठा अभ्यास आला होता, त्यात २०१० सालचा देशाचा अंदाज १ लाख ८७ हजार होता आणि पोलिसांकडे त्या वर्षी नोंद होती १ लाख ३४ हजारांची. म्हणजे पन्नास हजार माणसं कागदावरच नाहीत. पण त्याच अभ्यासात दक्षिणेकडच्या राज्यांत प्रमाण जास्तच निघालं, म्हणजे सगळा दोष नोंदीवर टाकूनही भागत नाही. माणूस कुठे राहतो यानं फरक पडतोच.

हे मी नुसतं वाचून नाही सांगत. माझं माहेर-सासर दोन्ही यवतमाळ जिल्ह्यात, पण नोकरी लागली कोकणात, संगमेश्वर तालुक्यात, आणि आंतरजिल्हा बदलीची वाट बघत नऊ वर्षं तिकडेच काढली. सुरुवातीला मला कळायचंच नाही की इथे शेती एवढीशी, गुंठ्यात, पाऊस धो धो, एवढं करून भात घरी खाण्यापुरता, तरी कर्जापायी कोणी गेल्याचं का ऐकू येत नाही. मग हळूहळू कळलं की भाताचं बी घरचंच, मुडीत बांधून ठेवलेलं, आणि घर चालतं ते मुंबईहून येणाऱ्या पैशावर, एक तरी चाकरमानी प्रत्येक घरात. शेती बुडाली तर वाईट वाटतं पण घर नाही बुडत. कोकणात दुःख नाही असं नाही हां, कुलपं लागलेली घरं आणि त्यांच्या शेजारी एकट्या म्हाताऱ्या मी बघितल्यात, दारूही कमी नाही.

आमच्याकडे उलटं. सगळं घर एका कपाशीवर, तेही कोरडवाहू. बीटी कपाशीच्या बियाण्याची पिशवी दरवर्षी नवी आणायची, ती आणायची उधारीवर कृषी केंद्रातून, आणि बऱ्याचदा तोच दुकानदार दिवाळीत कापूस घेतो, भावही तोच ठरवतो. बँकेचं जुनं थकलेलं असतं म्हणून नवीन मिळत नाही, मग खाजगी. त्यात पोरीचं लग्न. आणि बँकेचा माणूस पाहुण्यांसमोर दारात उभा राहिला की जी इज्जत जाते ना, ती कुठल्या रिपोर्टात येत नाही.

माझ्या वर्गातला एक पोरगा, सातवीतला, बोनाफाईड मागायला आला. कशाला रे म्हटलं तर म्हणे बाबांच्या फाईलला लावायचं आहे. दोन महिन्यांनी त्याची आई शाळेत आली, नवऱ्याच्या आत्महत्येनंतरच्या सरकारी मदतीची केस अपात्र झाली होती. सातबारा आजोबांच्या नावावर, वारसाची नोंद कधी लावलीच नाही, आणि कर्ज गावातल्याकडून, त्याचा कागद कुठला असणार. पात्र झाली असती तरी २००६ च्या जीआरप्रमाणे एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ती बाई मलाच विचारत होती, मॅडम, मग हे शेतकरी नव्हते तर कोण होते?

कारणाच्या रकान्यात अशांचं काय लिहिलं जातं? देशाच्या आकड्यात २०२२ ला सगळ्यात मोठं कारण 'कौटुंबिक समस्या' आहे, जवळपास ३२ टक्के. अहो पण बियाण्याच्या उधारीवरून नवरा-बायकोत भांडण झालं तर ते कौटुंबिक की शेतीचं? त्याच वर्षी शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० गेले, त्यातले ४,२४८ आपल्या महाराष्ट्रातले, यावर तुम्ही अग्रलेख लिहिता, लिहायलाच पाहिजेत. पण त्याच वर्षी गृहिणी गेल्या २५,३०९, म्हणजे दुपटीहून जास्त, त्यांच्यावर एक तरी लिहिलात का? त्यातल्या कितीजणी सकाळपासून शेतात राबत असतील, पण सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून गृहिणी. रोजंदारीवाले तर एकूण आकड्याच्या पाव हिश्शाहून जास्त, त्यांचं तर कोणी नावच घेत नाही.

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या रिपोर्टच्या वेळी राज्याचा नंबर छापण्याऐवजी जिल्हावार छापा, लाखामागे किती, आणि शेजारी त्या जिल्ह्यात पीक काय, बँकेचं कर्ज किती लोकांना मिळतं, बाहेरगावी कमवायला किती जातात हे पण टाका, तुमच्याकडे तालुक्याला वार्ताहर आहेत, जमेल. गेलेल्या माणसाचा फोटो आणि कसं केलं याचं वर्णन मात्र बंद करा, शाळेतली पोरंही पेपर वाचतात हो. त्या जागी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर टाका, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मागच्या महिन्यात मी वर्गात विचारलं तर एकालाही माहीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर स्टाफरूममध्येही दोघांनाच माहीत होता.

आपली,
एक शिक्षिका, जि. यवतमाळ