यंदा येळवशीला येणार नाही

आई, अण्णा,

फोनवर सांगणार होते, पण आईचा आवाज ऐकला की बोलणं गळ्यातच अडकतं म्हणून लिहितेय. यंदा येळवशीला, शेतातल्या अमावस्येच्या पूजेला, मी येत नाही. त्याच आठवड्यात पेपर आहे, सुट्ट्या त्यासाठीच राखल्यात, ठरलंय माझं. आणि एक वर्ष चुकलं म्हणून शेत काही परकं होत नाही ना.

अण्णा, खोलीवर आलात तेव्हा कॉफीची बाटली बघून गप्प बसलात, निघताना फक्त म्हणालात, डोकं चालायला असलं लागतंय का. तेव्हापासून मनातून जात नाही. लागतंय थोडं, ऑफिस करून रात्री बसायचं म्हणजे लई झोप येते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानं पेंग येते, कॉफीतलं कॅफिन त्याचीच जागा अडवतं. मग लक्ष टिकतं, पण थकवा जात नाही, नुसता झाकला जातो. मध्ये एका सराव पेपरला चार कप प्याले, छाती धडधडली, हात थरथरले आणि येणारी गणितं चुकली. आता दोनच कप, सकाळी सहाला आणि जेवल्यावर, दोननंतर बंद, कारण पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं. धडधाकट माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं म्हणतात, माझं त्याच्या निम्मंपण होत नाही. आणि झोपल्याशिवाय वाचलेलं डोक्यात बसत नाही, म्हणून अकराला झोपतेच.

डब्यात ज्वारीची भाकर मिळते, तुझी कारळाची चटणी अजून पुरतेय, काळजी करू नको. आई, बारावीला पहाटे चारला तू चहा ठेवायचीस, मी पुस्तकावर डोकं टेकलं की उठवायची नाहीस, पाठीवरून हात फिरवायचीस. ती दहा मिनिटं अजून आठवतात गं.

आता माझं ऐका. अण्णा, रात्री नऊचा चहा बंद, त्यातपण कॅफिनच असतं, वय झालं म्हणून झोप येत नाही म्हणता आणि वर चहा पिता. एकदम सोडू नका, डोकं दुखेल, आधी अर्धा कप करा. आई, जेवल्याबरोबर चहा घ्यायचा नाही, रक्ताच्या गोळीबरोबर तर मुळीच नाही, डाळ-भाजीतलं लोह अंगाला लागत नाही त्यानं. तासभर थांब. रागावत नाही गं, तुझा मागचा रिपोर्ट बघून मला घास गेला नव्हता.

आंबिलाचं बिंदगं यंदा वहिनीच्या डोक्यावर द्या, आई, तू उचलू नको. शेतातल्या कडब्याच्या कोपीपुढं दोघांचा फोटो काढून पाठवा, अण्णांना टोपी घालायला सांग.

तुमची,
बाळी