दोन गाणी कर, सोनू

प्रिय सोनू,

अनेक आशीर्वाद. तुझं गाणं वाचलं, मोठ्याने म्हणूनही पाहिलं. चाल गोड आहे, यमकं कुठे ओढूनताणून आणलेली नाहीत. पण सात कडव्यांत आयर्लंडचा बटाट्याचा दुष्काळ, अमेरिकेला निघालेली जहाजं, वेल्सच्या कोळशाच्या खाणी आणि धरणात गेलेलं गाव, इतकं सगळं कोंबलंयस. कडवं बदललं की देश बदलतो, शतक बदलतं, आणि रडावं कुणासाठी तेच कळत नाही. आयर्लंड नि वेल्स शेजारी असले तरी दोघांची दुखणी वेगळी. दोन गाणी कर. एकेका गाण्यात एकेकच गोष्ट सांग.

आयर्लंडसाठी डूलॉख या तळ्याकाठची वाट घे. दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, हे तू पहिल्याच ओळीत सांगतेस. ते ऐकून मान हलते, पण डोळ्यांपुढे कुणीच येत नाही. मार्च १८४९ मध्ये मेयो परगण्यातल्या लुईसबर्गला उपाशी माणसं मदत मागायला जमली होती. त्यांना सांगण्यात आलं, सकाळी डेल्फी लॉजवर हजर व्हा, तिथे साहेब तपासणी करतील. दहा-बारा मैलांची डोंगरातली वाट, कडाक्याचा गारठा, अंगावर धड कपडा नाही. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत की ही माणसं पोचली तेव्हा साहेब जेवायला बसले होते, म्हणून त्यांना बाहेर ताटकळत ठेवलं आणि मग रिकाम्या हाताने परत पाठवलं. येताना तळ्याच्या काठाने माणसं पडत गेली. किती, यावर आजही एकमत नाही. तेव्हा आकडा घालूच नकोस.

एक बाई घे. घरातून निघताना, त्या बंद दारापुढे उभी असताना आणि परत फिरताना, अशी तीनदा तिला दाखव. तिसऱ्या कडव्यातले ‘जुलमी’, ‘निर्दय’, ‘पाषाणहृदयी’ काढून टाक. दाराआडचं जेवण दाखवलंस की हे शब्द ऐकणाऱ्याच्याच मनात येतील. त्या खोऱ्यात आता एक दगडी क्रूस आहे आणि त्यावर गांधीजींचं वचन कोरलंय: आपल्यासारख्याच माणसांची मानहानी करून माणसाला स्वतःचा मान वाढल्यासारखं वाटतं तरी कसं? मेयोच्या त्या डोंगरात आपले गांधीजी! मला फार भरून आलं वाचून. लोक दर वर्षी ती वाट पुन्हा चालतात. जमलं तर तूही चालून ये, मग लिही.

वेल्ससाठी खाणी राहू देत, धरणात गेलेल्या त्या कपेल केलिन गावावर लिही. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला पाणी हवं होतं म्हणून १९५७ मध्ये लंडनच्या संसदेने कायदा केला. वेल्सचे जवळपास सगळे खासदार विरोधात होते, तरी झाला. १९६५ मध्ये त्रवेरिन नदीचं खोरं पाण्याखाली गेलं. शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर, घरं, शेतं, वेल्श बोलणारं अख्खं गाव. त्याआधी १९५६ मध्ये गावकरी लेकराबाळांसकट लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून मोर्चाने गेले होते. हातातल्या फलकावर लिहिलं होतं की तुमची घरं सुरक्षित आहेत, आमची वाचवा, आमची घरं बुडवू नका. अगं, धृपद तर गावाने स्वतःच लिहून ठेवलंय! ॲबरिस्टविथजवळची ‘त्रवेरिन लक्षात ठेवा’ असं रंगवलेली ती भिंत मात्र नको, तिचे फोटो जो तो काढतो.

आपल्या मुळशीनेही हेच सोसलं. मुंबईच्या विजेसाठी मावळातली गावं बुडाली, १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले. म्हणून तुला कपेल केलिनचं दुःख आतून कळेल, याची मला खात्री आहे. पण गाण्यात मुळशी आणू नकोस. त्या माणसांचं गाऱ्हाणं त्यांच्याच गावाच्या नावाने गायलं गेलं पाहिजे.

आणि त्या खोऱ्याचं नाव नीट गा. वेल्शमध्ये जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, म्हणजे त्रवेरिनमध्ये ‘वे’वर. तुझ्या चालीत तो ‘त्र’वर पडतोय. कार्डिफमधल्या तुझ्या मैत्रिणीकडून एकदा म्हणवून घे आणि मग ओळ बेत. ज्यांचं गाव गेलं त्यांना निदान नाव तरी बरोबर ऐकू यावं.

चाल जुनी घेतलीस तरी चालेल, दोन्हीकडे ती रीतच आहे. गिटार मात्र बाजूला ठेव. आयर्लंडचे शॅन-नोस, म्हणजे जुन्या धाटणीची गाणी, गाणारे वाद्याशिवाय गातात, आणि काही जण शेवटचे शब्द गात नाहीत, साध्या आवाजात बोलून मोकळे होतात. डूलॉखच्या गाण्याला हे शोभेल.

बाबांना धरणाचं गाणं आधी हवंय. मला वाटतं डूलॉखचं आधी व्हावं, ते जास्त अवघड आहे. पहिली तीन कडवी झाली की गिटारशिवाय रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठव. रात्री पाठवलंस तरी चालेल, मी जागी असते.

तुझी,
आई